पांढरी पट्टी

“पट्टी जुनी आहे, सिस्टर. ड्रम आत घ्या.”

सबनीस सर हात धुऊन, कोपरं वर धरून ऑपरेशन थिएटरच्या दारात उभे होते. मी बाहेरच्या खोलीत, टेबलावर मांडलेल्या सहा ड्रमांसमोर, म्हणजे अवजारांच्या स्टीलच्या डब्यांसमोर. माझ्या चिमट्यात करंगळीएवढी कागदाची पट्टी होती. वाफेच्या यंत्रातून अवजारं नीट निर्जंतुक होऊन निघाली तर ही पट्टी काळी होते. माझ्या हातातली दुधासारखी पांढरी होती.

“सर, ही दुसरी खेप आहे. पहाटे लावलं तेव्हाही पांढरीच आली. मी पुन्हा पूर्ण वेळ लावलं.”

“पाकिटावरची तारीख बघितलीत?”

बघितली होती. तारीख उलटून चार महिने झाले होते. तेवढं त्यांचं म्हणणं खरं होतं.

“पण काल याच पाकिटातल्या पट्ट्या काळ्या झाल्या,” मी म्हटलं. “आपल्या यंत्रात.”

“काही होतात, काही होत नाहीत. दाबाचा काटा बरोबर होता ना? वेळ बरोबर होती ना? मग?” त्यांनी बाहेरच्या व्हरांड्याकडे मान वळवली. “अडतीस माणसं बसलीत. डोळ्यांत औषध घालून झालंय. चला.”

ही गोष्ट मलावीतली. आफ्रिकेत, एका मोठ्या सरोवराच्या काठी, जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात आम्ही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी गेलो होतो. आमच्या जिल्ह्यातल्या एका ट्रस्टचं डोळ्यांचं इस्पितळ होतं, तिथे मी बावीस वर्षं थिएटर सिस्टर. मी शैला रणपिसे. तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. ट्रस्टने पहिल्यांदाच परदेशात पथक पाठवायचं ठरवलं, तेव्हा सबनीस सरांनी माझं नाव सगळ्यांत आधी लिहिलं. “शैलाताई नसतील तर मी जाणार नाही,” असं ते मीटिंगमध्ये म्हणाल्याचं मला शिपायाने येऊन सांगितलं होतं. मी त्या दिवशी घरी जाताना पेढे नेले होते.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. चाळीस हजारांवर डोळे त्यांनी उघडले होते. त्यांचा हात इतका हलका की पेशंट विचारायचे, सुरू कधी होणार? तोवर पट्टी बांधून झालेली असायची. पहिल्या दोन दिवसांत आम्ही तिथे चौऱ्याऐंशी शस्त्रक्रिया केल्या. एकाही डोळ्याने त्रास दिला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विजेचा दाब एकदम वाढला आणि आम्ही इथून नेलेलं यंत्र जळालं. मग राहिलं त्या इस्पितळाचं. ते पाण्याच्या पिंपाएवढं उभं, जुनं, आणि झाकणाचे स्क्रू पिळताना दोन बायांची ताकद लागायची.

गुरुवार होता. रविवारी आमचं विमान.

“सर, एक दिवस थांबू. दुसरं यंत्र कुठे मिळतं का बघू.”

“कुठे? जंगलात?” ते आत वळले, मग परत फिरले. आवाज खाली आणला. “शैलाताई, या जिल्ह्यात डोळ्यांचा डॉक्टर नाही. आज यांना परत पाठवलं तर ही माणसं आंधळीच मरतील. तुम्हाला एक पट्टी दिसते, मला अडतीस माणसं दिसतात. ड्रम आत घ्या.”

ते टेबलाजवळ जाऊन पाठमोरे उभे राहिले. पहिल्या पेशंटला आत आणायची खूण त्यांनी केली.

मी हातमोजे काढले. पहिल्या ड्रमचं झाकण उघडलं आणि उघडा हात मनगटापर्यंत आत घातला. चिमटे, कात्र्या, सुया धरायचे होल्डर, सगळं मुठीत धरून वरखाली केलं. मग दुसरा ड्रम, मग तिसरा. अवजारांचा आवाज झाला तसे सर वळले.

“काय करताय तुम्ही?”

मी चौथा उघडला.

“सिस्टर!”

पाचवा. सहावा. सहाव्यात नुसते कपडे होते. तेही मी बाहेर ओढून टेबलावर टाकले. आता जगातला कुठलाही सर्जन त्या अवजारांना हात लावू शकला नसता.

“वेड लागलंय तुम्हाला?” त्यांचा चेहरा लाल झाला होता. “हे सगळं पुन्हा लावायला दोन तास जातील!”

“लावा. पुन्हा पांढरी आली तर पुन्हा हात घालीन.”

“तुम्ही माझ्या हाताखाली काम करता.”

“हो. म्हणूनच लोणवडीला घेतले होते ड्रम आत. तिथेही तुम्ही हेच म्हणाला होतात. पट्टी जुनी आहे.”

लोणवडी हे आमच्या जिल्ह्यातलं गाव. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या शाळेत आम्ही शिबिर घेतलं होतं. त्यानंतर आम्ही दोघांनी एकत्र हजारो शस्त्रक्रिया केल्या, एका डब्यातलं जेवलो, पण ते नाव आमच्यात कधीही उच्चारलं गेलं नव्हतं. सरांनी वर धरलेले हात हळूहळू खाली आले. मग ते कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

वॉर्डची मुख्य नर्स एस्नार्त फिरी दारात उभी होती. धिप्पाड, पन्नाशीची बाई. आम्ही इंग्रजीत बोलायचो, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं होतं. तिने टेबलावरचा पसारा बघितला, त्यातली पांढरी पट्टी उचलली.

“आमच्या यंत्रातली?”

“हो. तुमचा अपमान करायचा नव्हता.”

“दोन वर्षं मी वर लिहून कळवतेय,” ती म्हणाली, “की सिझेरियनच्या बायकांचे टाके पिकतात. मला सांगतात, बायका स्वच्छता पाळत नाहीत.” तिने पट्टी घडी करून आपल्या गणवेशाच्या खिशात ठेवली. “तू पाहुणी आहेस. तू हात घालू शकतेस. मी घातला असता तर मी आज संध्याकाळी घरी असते, कायमची.”

मी एप्रनला हात पुसले.

“आता बाहेर चल,” ती म्हणाली. “त्यांना तू सांगायचं. मी फक्त तुझं बोलणं त्यांच्या भाषेत सांगेन. तू केलंस, तर तोंड तुझं दिसलं पाहिजे.”

व्हरांड्यात अडतीस माणसं भिंतीला टेकून बसली होती. प्रत्येकाच्या एका भुवईवर निळ्या शाईची खूण, त्या बाजूचा डोळा करायचा म्हणून. बायकांच्या कमरेला रंगीत कापडं. कुणी बैलगाडीतून आलेलं, कुणी होडीतून, कुणी दोन दिवस चालून. मी बोलले. यंत्र बिघडलंय. आज शस्त्रक्रिया केली तर डोळ्यात पू होऊ शकतो. आहे तेवढी नजरही जाईल. थांबवायचं मी ठरवलं, डॉक्टरांनी नाही. मला माफ करा.

एस्नार्तने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मग एक म्हातारा काठी आपटत ओरडायला लागला. दोघीतिघी रडायला लागल्या. कुणीतरी माझ्या दिशेने उसाचं चिपाड फेकलं, ते माझ्या एप्रनला लागून खाली पडलं. मी हलले नाही. हलले असते तर पळालेच असते.

कोपऱ्यात फालेसी नावाची म्हातारी बसली होती. आदल्या दिवशी मीच तिला तपासायला बसवलं होतं, म्हणून नाव लक्षात होतं. दोन्ही डोळे पांढरे. सुनेच्या खांद्याला धरून ती उठली आणि आवाजाच्या अंदाजाने माझ्यासमोर आली.

“तू डॉक्टर आहेस?” एस्नार्त तिचं बोलणं मला सांगत होती.

“नाही.”

“मग डॉक्टरला कुणी अडवलं?”

“मी.”

“तुझे डोळे चांगले आहेत?”

“हो.”

“म्हणून तुला थांबता येतं,” ती म्हणाली. सुनेचा हात धरून ती व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली.

तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. दुपारी एस्नार्तने ओळखीने फोन लावला. सत्तर किलोमीटरवर मिशनऱ्यांचं एक बाळंतपणाचं इस्पितळ होतं, त्यांचं यंत्र लहान पण नवं होतं. दिवसाला दोन ड्रम करून द्यायला ते तयार झाले. दोन्ही डोळ्यांनी आंधळी असलेल्यांना आधी घ्यायचं ठरलं. एस्नार्तने पडवीत उभं राहून नावं पुकारली. फालेसीचं नाव तिने तीनदा पुकारलं. ती सरोवराकडे जाणाऱ्या ट्रकमधून केव्हाच निघून गेली होती. पुढे दोन वर्षं मी पत्रातून एस्नार्तला विचारत राहिले. तिच्या गावचं कुणी आलंच नाही, एवढंच उत्तर यायचं.

शुक्रवारी सकाळी जीपमध्ये मी ड्रम घेऊन बसले, तेवढ्यात सबनीस सर येऊन पुढच्या सीटवर बसले. सत्तर किलोमीटर लाल मातीचा रस्ता होता. मिशनच्या इस्पितळात यंत्र लागलं. त्यांच्याकडच्या पट्ट्या संपल्या होत्या, म्हणून मी आमच्याच पाकिटातली पट्टी ड्रमच्या मधोमध ठेवली. तारीख उलटलेल्या त्याच पाकिटातली.

यंत्र उघडलं. मी झाकण किंचित उचलून चिमट्याने पट्टी बाहेर काढली आणि सरांपुढे धरली.

ती खिडकीजवळ नेऊन त्यांनी बघितली. कोळशासारखी काळी होती. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि जीपच्या ड्रायव्हरला म्हणाले, “चला, उशीर नको.”

शुक्रवार-शनिवार मिळून आम्ही एकोणीस शस्त्रक्रिया केल्या. शनिवारी केलेल्यांच्या पट्ट्या रविवारी सकाळी विमान गाठायच्या आधी सोडल्या. सगळे डोळे स्वच्छ होते. शुक्रवार-शनिवारसाठी बोलावलेली धरून पन्नासहून जास्त माणसं तशीच परत गेली होती. निघताना एस्नार्तने मला मिठी मारली नाही, आभारही मानले नाहीत. जीपच्या खिडकीशी येऊन ती एवढंच म्हणाली, “मला उरलेलं पाकीट दे.” मी दिलं.

परत आल्यावर अकराव्या दिवशी ट्रस्टचं पत्र आलं. गैरवर्तन, वरिष्ठांची आज्ञा मोडणं, परदेशात संस्थेची नाचक्की. खुलाशासाठी समितीपुढे हजर राहावं.

अध्यक्ष भाऊसाहेब कोठावळे मधल्या खुर्चीवर होते. वकील माणूस, बोलणं गोड. त्यांच्या बाजूला दोन विश्वस्त, आणि टेबलाच्या टोकाला सबनीस सर, खाली मान घालून.

“बसा, शैलाताई. चहा घेणार?”

“नको.”

“हे बघा, कुणाला तुमची नोकरी घालवायची नाही. बावीस वर्षांची सेवा आहे तुमची. तिथे हवामान वेगळं, दगदग, माणसाचा तोल जातो. दोन ओळींचं माफीपत्र द्या. चूक झाली, पुन्हा होणार नाही. आपण इथेच मिटवू.”

“पट्टी पांढरी होती, साहेब.”

“पट्टीचं सोडा हो! पट्ट्यांची मुदत संपली होती, हे डॉक्टरांच्या अहवालात आहे.”

मी सरांकडे बघितलं. काळी पट्टी ज्यांच्या खिशात गेली, ते टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होते.

“मिशनच्या इस्पितळात काळी झाली, ते आहे अहवालात?” मी विचारलं.

एका विश्वस्ताने घड्याळ बघितलं.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “कागद द्या. माफी लिहून देते.”

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. ते मी घेतलं नाही, माझ्या पर्समधलं काढलं. लिहायला मला वीस मिनिटं लागली असतील. मध्ये त्यांचा चहा येऊन संपला. मग मी कागद न देता उभी राहिले आणि वाचायला सुरुवात केली.

“अकरा वर्षांपूर्वी लोणवडी येथील शाळेत आपल्या ट्रस्टचं शिबिर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रममधली पट्टी पांढरी निघाली. मी डॉक्टरांना दाखवली. पट्टी जुनी आहे, ड्रम आत घ्या, असं ते म्हणाले. मी ड्रम आत घेतले. त्या दिवशी तीस शस्त्रक्रिया झाल्या. तिसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्या तेव्हा डोळ्यांतून पू येत होता.”

“शैलाताई,” भाऊसाहेब म्हणाले, “याचा इथे काय संबंध?”

“नऊ जणांचा डोळा गेला. पेशंटनी घरी चुलीचा धूर आणि पाणी लागू दिलं, त्यामुळे डोळे गेले, असा अहवाल ट्रस्टने केला. त्या अहवालावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी खोटी सही केली. ज्यांचे डोळे गेले त्यांनाच आम्ही दोषी ठरवलं. ते आमच्या पाया पडून, चूक झाली म्हणत घरी गेले. यासाठी मी माफी मागते. मलावीत जे केलं त्यासाठी मागत नाही.”

मग मी नावं वाचली. ती मला बघून लिहावी लागली नव्हती. अकरा वर्षं ती मला पाठ होती. द्वारका खिलारे. महबूब शेख. तान्हाजी बोडके. रखमाजी पोळ. जैनब मुलाणी. काशीबाई तुपे. विठोबा ढगे. सोनाबाई ननावरे. यमाजी लोखंडे.

“तो कागद इकडे द्या,” भाऊसाहेबांचा गोडवा गेला होता. “आणि हे बाहेर कुठे बोललात तर कोर्टात तुमच्याच सहीवरून तुम्ही आत जाल, हे लक्षात ठेवा. अहवाल खोटा म्हणताय, तर खोटी सही तुमची.”

“माहीत आहे. म्हणून तर पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलंय.”

कागद त्यांच्या हाताकडे जाण्याआधी टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

“सहावं नाव चुकलंय.”

सगळे सबनीस सरांकडे वळले. त्यांनी मान वर केली होती. तेवढ्या थोड्या दिवसांत ते म्हातारे दिसायला लागले होते.

“काशीबाई तुपे नाही,” ते म्हणाले. “कोंडाबाई. काशीबाई तिची जाऊ. दोघी एकत्र आल्या होत्या. काशीबाईचा डोळा चांगला आहे, कोंडाबाईचा गेला.”

“डॉक्टर,” भाऊसाहेब म्हणाले, “तुम्ही काय बोलताय याची कल्पना आहे का तुम्हाला?”

सरांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, “दुरुस्त करा, शैलाताई. आणि नऊ नव्हते. दहा होते.”

मी कागद टेबलावर टेकवला.

“रामा शिंगटे. मेंढपाळ होता. शिबिरानंतर तीन आठवड्यांनी माझ्या घरी आला, त्याला इस्पितळाचा पत्ता सापडला नव्हता. मी माझ्या दवाखान्यात त्याचा डोळा काढला आणि कुठेही नोंद केली नाही. त्याने जाताना मला लोकरीचं घोंगडं दिलं.” त्यांनी माझ्या कागदाकडे बोट केलं. “दहावं लिहा. रामा बाळू शिंगटे.”

मी काशीबाई खोडून कोंडाबाई लिहिलं. नऊच्या जागी दहा लिहिलं. खाली नाव लिहिलं.

माझी नोकरी त्याच महिन्याअखेर गेली. सरांनी तिथलं काम सोडलं. पुढे चौकशी आली, जबाब झाले, लोणवडीच्या शाळेत त्या माणसांना बोलावून, दोष त्यांचा नव्हता हे अधिकाऱ्यांनी चारचौघांत सांगितलं. दहापैकी तोवर चौघं वारली होती. सर आणि मी नंतर फारसं बोललो नाही. मी त्यांना माफ केलं का, असं लोक विचारतात. मला तो अधिकार कुणी दिला? माझीही सही त्याच अहवालावर होती.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी भाऊसाहेब कोठावळे हात मागे बांधून खिडकीशी जाऊन उभे राहिले. “हा कागद आम्ही स्वीकारत नाही,” ते पाठमोरेच म्हणाले. “तुम्ही जाऊ शकता.”

मी बाहेर ऑफिसात आले. आवक-जावक बघणारा क्लार्क मला बावीस वर्षं ओळखत होता. मी त्याच्यासमोर कागद ठेवला. आतलं सगळं त्याने दारातून ऐकलं असणार, कारण तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

“ताई, साहेब नाही म्हणाले ना?”

“साहेबांना वाचायचं नसेल तर नको वाचू देत. तुझं काम घ्यायचं आहे.”

“ताई, माझी नोकरी...”

मी त्याच्यासमोरच्या बाकावर बसले. पर्स मांडीवर ठेवली.

“संध्याकाळी सहाला ऑफिस बंद होतं,” मी म्हटलं. “उद्या नऊला उघडतं. मी इथेच आहे. मला शिक्का मारलेली पोच हवी.”